न दुखणारी गाठ

दसरा उलटला आहे आणि धर्मापुरीत घरोघरी बोचकी बांधणं चाललं आहे. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे ऊसतोडीला निघायच्या बेतात आहेत. एकदा फडात शिरली, की मार्च-एप्रिलपर्यंत त्यांना दवाखान्यात जायला सवड नाही. म्हणून तोंडाची तपासणी आजच करून घ्यायची आहे. शाळेच्या व्हरांड्यात उजेडाच्या बाजूला एक प्लास्टिकची खुर्ची मांडली आहे. टेबलावर लाकडी पट्ट्या, तोंड बघायचे छोटे आरसे आणि हातमोज्यांचा खोका आहे. आशाताई वहीत नावं लिहून घेताहेत. दातांच्या डॉक्टर कपाळाला बॅटरी लावून एकेकाला खुर्चीत बोलावताहेत.

"काका, तीन बोटं उभी धरा आणि तोंडात घाला."

पन्नाशीच्या त्या माणसाची दोनच बोटं आत जातात. गालाचा आतला भाग पांढरट पडला आहे, बोटाला दोरीसारखे ताठ पट्टे लागतात. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, तरी त्यांच्या खिशात पुडी आहे. तोंड आखडण्याच्या या आजाराची नोंद मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी 1953 सालीच केली होती. त्यातून कॅन्सर होऊ शकतो, तेव्हा काकांच्या नावापुढे खूण होते. तोंडाचे दहापैकी नऊ कॅन्सर आतल्या आवरणातून उगवतात. पांढरा चट्टा, लाल चट्टा, न भरणारी जखम या त्यांच्या खुणा आता आशाताईंनाही पाठ आहेत.

काकांच्या मागून कडेवर पोर घेतलेली एक विशीतली बाई पुढं येते. पोर सासूकडे देते.

"मी काहीच खात नाही, मॅडम. मिसरीसुद्धा लावत नाही. ह्यांनीच बळं आणलं." ती आशाताईंकडे बोट दाखवते.

"आ करा."

उजव्या गालाच्या आत बोराएवढी गाठ आहे. वरची त्वचा गुळगुळीत आणि गुलाबी. जखम नाही, चट्टा नाही. डॉक्टर एक बोट आत घालतात, दुसऱ्या हाताची बोटं गालावर बाहेरून ठेवतात आणि दोहोंच्या मध्ये गाठ धरून हलवून बघतात. ती घट्ट आहे, सरकत नाही, खालच्या मांसाला धरून बसली आहे. शेजारचे दात आरशातून एकेक तपासले जातात. एकही किडलेला नाही. मानेच्या गाठीही हाताला लागत नाहीत.

"दुखतं का?"

"दुखत नाही, पण वाढायलीय. दात टोचत असंल म्हणून हळदीच्या गुळण्या केल्या. मेडिकलातून गोळ्या आणल्या."

"कधीपासून?"

"आखाडीपासून."

डॉक्टरांची बॅटरी बराच वेळ त्याच जागी थांबते. मोजपट्टी लावून त्या गाठीचा फोटो काढतात आणि चिठ्ठी लिहायला घेतात. अशा गाठी बहुतेक वेळा साध्याच निघतात, चरबीच्या, मज्जातंतूच्या किंवा लाळग्रंथीच्या, असं त्या मला सांगतात. पण क्वचित ती सार्कोमा असते. स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या, मज्जातंतू अशा मऊ भागांतून तो कॅन्सर निघतो. मोठ्या माणसांच्या एकूण कॅन्सरमध्ये सार्कोमा शंभरात एखादा आणि तोंडातला तर त्याहून कितीतरी विरळा. त्याला तंबाखू लागत नाही, तरुण वय आडवं येत नाही. स्नायूचा ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा तर लहान मुलांतच जास्त आढळतो. तो आवरणाच्या खाली वाढत असल्यामुळे वरून तोंड निरोगी दिसतं, आणि गोळ्या घेण्यात महिने निघून जातात.

"मग आत्ताच काढून टाका की," सासू म्हणते.

"नाही मावशी. आधी ती काय आहे ते कळू द्या. एमआरआय करू, मग नुसता तुकडा घेऊ."

तुकडा वरवरचा घेतला तर निरोगी त्वचाच हाती येते; तो खोलातून घ्यावा लागतो, आणि पुढं ऑपरेशन करणारा सर्जन जिथून कापणार तिथूनच. सुईने ओढून घेतलेल्या पेशी बहुधा पुरत नाहीत. तुकडा त्याच्या दहापट तरी दहा टक्के फॉर्मेलिनमध्ये बुडवायचा. पाण्यात किंवा कोरडा ठेवला तर खराब होतो. सूक्ष्मदर्शकाखाली कितीतरी सार्कोमा सारखेच दिसतात, लांबट पेशींचे जुडगे. आवरणाचा नेहमीचा कॅन्सरही कधीकधी तसंच रूप घेतो. म्हणून इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगवून ओळखायची तपासणी, करतात. डेस्मिन आणि मायोजेनिन उमटले तर स्नायू, एस-100 उमटलं तर मज्जातंतूचा संशय, सीडी31 उमटलं तर रक्तवाहिनी, केराटिन उमटलं तर बहुधा आवरण. तरीही उलगडलं नाही तर पेशीतल्या जनुकांची अदलाबदल तपासतात. 1941 पासून चालू असलेल्या मुंबईच्या टाटा मेमोरियलला काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळे पाठवून दुसरं मत घेता येतं. सार्कोमा ठरलाच, तर छातीचा सीटी स्कॅनही लागतो, कारण तो रक्तावाटे फुप्फुसात जातो.

"एवढं सगळं नावासाठी?" मी विचारते.

"उपचार नावावरच ठरतात. ऱ्हॅब्डोला किमोथेरपी हवीच, सोबत रेडिएशन किंवा ऑपरेशन. बाकी बहुतेकांना आधी ऑपरेशन, तेही भोवतालचा निरोगी भाग घेऊन. न तपासता कुणी गाठ खरवडून काढली, तर मागं काय राहिलं ते कळत नाही आणि दुसरं ऑपरेशन अवघड होतं."

सासूच्या मनात वेगळीच भीती आहे. "तुकडा काढला की पसरतं म्हणतेत."

"तुकड्यानं पसरत नाही, मावशी. उशिरानं पसरतं."

नवरा आतापर्यंत खांबाला टेकून उभा आहे. उचल घेतलेली आहे, टोळी सोमवारी निघणार आहे. तो बाजूला होऊन मुकादमाला फोन लावतो. आवाज चढतो, उतरतो. परत येऊन म्हणतो, "आठ दिवस थांबतो म्हणालाय." डॉक्टर चिठ्ठीवर अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं नाव लिहितात. पुढं लागलंच तर छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार बरोबर घ्यायला त्या बजावतात. आशाताई उद्या स्वतः सोबत जाणार आहेत.

सगळ्या तपासण्या होऊन रिपोर्ट हाती यायला आठ दिवस पुरतीलच असं नाही. कारखान्यांनी आणि मुकादमांनी रिपोर्ट येईपर्यंतची मुदत द्यायलाच हवी, उचल कितीही असो. आणि तुम्हाला सांगणं एवढंच: तोंडातली गाठ दुखो वा न दुखो, तुम्ही तंबाखू खा वा न खा, दोन आठवड्यांत गेली नाही तर दातांच्या डॉक्टरांना दाखवा. काढलेला तुकडा तपासणीला गेलाच पाहिजे असा आग्रह धरा, आणि रिपोर्ट जपून ठेवा.