इंजिनीअरिंग सोडलेला सोलापूरकर

सबमिशनच्या आठवड्यात आपल्या कॉलेजच्या कट्ट्यावर एक वाक्य हमखास ऐकू येतं. "छे यार, सोडून द्यावं हे इंजिनीअरिंग आणि..." या 'आणि'च्या पुढे प्रत्येकाचं काहीतरी वेगळं असतं. कुणाला क्रिकेट, कुणाला एमपीएस्सी, कुणाला चहाची टपरी. आणि गॅदरिंगच्या एकांकिकेत दोन टाळ्या मिळालेल्यांना अर्थातच ॲक्टिंग! व्हायवा आटोपला की हे वाक्यही आटोपतं आणि आपण सगळे मुकाट्याने पुढच्या सेमिस्टरच्या झेरॉक्स काढायला लागतो.

पण आपल्याच सोलापुरात वाढलेल्या एका मुलाने हे वाक्य पूर्ण केलं. तो मुलगा म्हणजे 'नटरंग'मधला गुणा, 'रंग दे बसंती'मधला लक्ष्मण पांडे, 'सिटी ऑफ ड्रीम्स'मधला अमेयराव गायकवाड. म्हणजेच अतुल कुलकर्णी.

त्यांच्याविषयी बोलताना आपण नेहमी एवढंच सांगतो की "ते पण इंजिनीअरिंगलाच होते, सोडून दिलं आणि बघा कुठे पोचले!" मला वाटतं, या वाक्यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट गाळली जाते. 'सोडलं' आणि 'पोचले' यांच्या मध्ये काय घडलं? हा लेख त्या मधल्या भागाविषयी आहे.

सोडलं, पण मग काय केलं?

अतुल कुलकर्णी यांचा जन्म १० सप्टेंबर १९६५ चा, बेळगावचा. शालेय शिक्षण मात्र सोलापुरात, आपल्या हरिभाई देवकरण प्रशालेत. पुढे त्या काळच्या (आणि आपल्याही काळच्या!) रिवाजाप्रमाणे इंजिनीअरिंगला प्रवेश घेतला. तिथे मन रमलं नाही, ते शिक्षण अर्धवट सोडलं आणि सोलापुरात दयानंद कॉलेजमधून इंग्रजी साहित्य घेऊन ते पदवीधर झाले.

आता इथे थांबून बघा. सिनेमातला हिरो कॉलेज सोडतो आणि इंटरव्हलनंतर थेट स्टार होतो. इथे तसलं काही झालेलं नाही. हा मुलगा मुंबईची गाडी पकडून पळाला नाही. तो आपल्या गावात राहिला आणि 'नाट्य आराधना' या इथल्या हौशी नाट्यसंस्थेत काम करू लागला.

हौशी रंगभूमी म्हणजे काय, ते ज्यांनी एखाद्या स्पर्धेला एकांकिका नेली आहे त्यांना सांगायला नको. दिवसभर नोकरी, धंदा, कॉलेज आणि संध्याकाळी मिळेल त्या हॉलमध्ये तालीम. पदरचे पैसे घालून नेपथ्य करायचं, टेम्पोत चढवायचं, उतरवायचं. नट म्हणून आलेल्याला प्रकाशयोजनेच्या वायरी ओढाव्या लागतात आणि मेकअपवाला आला नाही तर दुसऱ्याच्या दाढ्या चिकटवाव्या लागतात. मानधन म्हणाल तर चहा आणि भजी! पण नाटक नावाचं मशीन आतून कसं चालतं, ते इथेच कळतं. आपल्या भाषेत सांगायचं तर हे वर्कशॉप प्रॅक्टिकल आहे. हाताला तेल लागल्याशिवाय जमत नाही.

त्यानंतर त्यांनी दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात, म्हणजे एनएसडीत प्रवेश मिळवला. १९५९ साली सुरू झालेली ही संस्था. तीन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम, देशभरातून मोजक्याच जागा. तिथे आवाज, श्वास, शरीर, संहितेचं वाचन, जगभरच्या नाट्यपरंपरा, नेपथ्य, वेशभूषा हे सगळं शिकवतात. अतुल कुलकर्णी १९९५ साली तिथून पदविका घेऊन बाहेर पडले, तेव्हा त्यांनी तिशी गाठली होती. आपण बाविसाव्या वर्षी बी.ई. होतो आणि प्लेसमेंट झाली नाही तर आयुष्य संपल्यासारखा चेहरा करतो. या माणसाने तिसाव्या वर्षी 'फ्रेशर' म्हणून सुरुवात केली!

थोडक्यात काय, त्यांनी शिक्षण सोडलं असं म्हणणंच मुळात चुकीचं आहे. त्यांनी एक शिक्षण सोडलं आणि त्याहून लांबलचक दुसरं शिक्षण घेतलं.

एकाच माणसाचे दोन गांधी

एनएसडीनंतरचं त्यांचं गाजलेलं नाटक म्हणजे 'गांधी विरुद्ध गांधी'. लेखक अजित दळवी, दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी. महात्मा गांधी आणि त्यांचा थोरला मुलगा हरिलाल यांच्यातल्या दुराव्याची ही गोष्ट. त्यात अतुल कुलकर्णींनी गांधीजी साकारले. राष्ट्राचा पिता, पण स्वतःच्या मुलाशी न जमलेला बाप!

आणि आता गंमत पाहा. कमल हासनच्या 'हे राम' या चित्रपटात (सन २०००) त्यांच्या वाट्याला आला श्रीराम अभ्यंकर. कलकत्त्याच्या दंगलीत बायको गमावलेल्या नायकाला जो गांधीहत्येच्या कटात ओढतो, तो हा अभ्यंकर. रंगमंचावर ज्याने गांधींना आपल्या आवाजात बोलतं केलं, त्यानेच पडद्यावर गांधींच्या जिवावर उठलेला माणूस उभा केला. आणि तो इतका शांत, सुसंस्कृत, हसतमुख केला की बघताना भीती वाटते. विष विकणारा माणूस विषासारखा दिसत नाही, हे त्या भूमिकेने दाखवलं.

या भूमिकेला सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला (१९९९ या वर्षासाठीचा). पुढे मधुर भांडारकरच्या 'चांदनी बार'मधल्या (२००१) पोत्या सावंत या गुंडाच्या भूमिकेसाठी तोच पुरस्कार दुसऱ्यांदा मिळाला. त्याच चित्रपटासाठी तब्बूला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार होता.

सहाय्यक म्हणजे दुय्यम नव्हे

'सहाय्यक अभिनेता' हा शब्द ऐकला की आपल्याला वाटतं, हिरोचा मित्र असेल. सिव्हिलवाल्यांनो, तुम्हीच सांगा, बिल्डिंगमध्ये लोक बघतात ते एलेव्हेशन, पण भार कोण घेतं? कॉलम. 'चांदनी बार'मध्ये पोत्या हा तब्बूच्या मुमताजचं आयुष्य वळवणारा माणूस आहे. तो तिला बारमधून बाहेर काढतो, घर देतो आणि स्वतःच्या रागीट स्वभावाने ते घर मोडतोही. तो खोटा वाटला असता तर मुमताजचं पुढचं सगळं दुःख खोटं वाटलं असतं.

'रंग दे बसंती'मध्येही (२००६) तेच. लक्ष्मण पांडे सुरुवातीला कट्टर पक्षकार्यकर्ता, अस्लमला पाण्यात पाहणारा. आतल्या डॉक्युमेंटरीत तो रामप्रसाद बिस्मिल करतो आणि अस्लम अशफाकउल्ला. शेवटी दोघं एकमेकांचा हात धरून मरतात. चित्रपटातला सगळ्यात लांबचा प्रवास लक्ष्मणचा आहे आणि त्यासाठी वेळ सगळ्यात कमी आहे. कमी वेळात जास्त अंतर! वेग किती लागला असेल, गणित तुम्ही करा.

मराठीत मात्र त्यांना मध्यभागी उभं राहायला मिळालं. सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर यांच्या 'दहावी फ'मध्ये (२००२) ते 'ढ' ठरवलेल्या पोरांचे मास्तर होते. 'देवराई'मध्ये (२००४) स्किझोफ्रेनियाने ग्रासलेला शेष देसाई त्यांनी केला. या आजाराकडे 'वेड लागलं' म्हणून बघणाऱ्या आपल्या समाजाला त्या चित्रपटाने बरंच काही समजावलं. उमेश कुलकर्णीच्या 'वळू'मध्ये (२००८) गावात बैल पकडायला आलेले फॉरेस्ट ऑफिसर गड्डमवार तर आपल्या होस्टेलवर तोंडपाठ आहेत.

गुणाचं शरीर

आणि मग 'नटरंग'. १ जानेवारी २०१० ला प्रदर्शित झालेला, आनंद यादवांच्या कादंबरीवरचा, रवी जाधव यांचा चित्रपट. गुणा कागलकर हा कुस्तीचा नाद असलेला, पिळदार अंगाचा शेतमजूर. काम सुटतं, तमाशाचा फड काढतो, राजाची भूमिका करायचं स्वप्न बघतो. पण फडाला 'नाच्या' हवा असतो आणि कुणीच तयार होत नाही. शेवटी गुणाच नाच्या होतो.

गोष्टीचा सगळा भार एका प्रश्नावर आहे. हा पैलवान नाच्या झालेला लोकांना पटेल का? त्यासाठी अतुल कुलकर्णींनी आधी पैलवानाचं शरीर कमावलं आणि मग तेच शरीर उतरवून नाच्याची लवचीक अंगलट आणली. नुसतं वजन कमी करून भागत नाही. चाल बदलते, मान बदलते, बोटं बदलतात, कुणाकडे कसं बघायचं तेही बदलतं. तेव्हा त्यांचं वय होतं चव्वेचाळीसच्या आसपास! माझ्या मते मराठी पडद्यावर शरीराने केलेल्या अभिनयाचं इतकं स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण गावोगावच्या लोककलावंतांच्या वाट्याला येणारी हेटाळणी लोकांना दोन तास सोसायला लावली, हे मला त्याहून मोठं वाटतं.

सोलापुरी भाषा

मराठी, हिंदी, कन्नड, तमिळ, तेलुगू, मल्याळम, इतक्या भाषांच्या चित्रपटांत ते दिसले. तमिळ 'रन'मधला (२००२) खलनायक आठवत असेल. याचं आश्चर्य पुण्या-मुंबईच्या मुलांना वाटतं, मला तेवढं वाटत नाही. आपल्या सोलापुरात पूर्व भागात गेलात तर तेलुगू, बाजारात कन्नड, विजापूर वेशीला दख्खनी उर्दू आणि घरी "काय करायलास बे?" ही आपली खास मराठी. दुसऱ्याची भाषा कानावर पडली की दचकायचं नाही, हा धडा इथल्या प्रत्येकाला फुकट मिळतो. आपण मात्र इंटरव्ह्यूला जाताना सोलापूरचं नाव हळू आवाजात सांगतो!

चौदा वर्षांची फाईल

आता एक न चाललेली गोष्ट. टॉम हँक्सचा 'फॉरेस्ट गम्प' (१९९४) आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. योगायोग असा की हँक्सनेही कॅलिफोर्नियातलं कॉलेज अर्धवट सोडून क्लीव्हलंडच्या एका शेक्सपिअर नाट्यमहोत्सवात उमेदवारी केली होती. तिथेही अभिनयाबरोबर पडद्यामागची कामं शिकावी लागली आणि मग १९८० मध्ये टीव्हीवरची 'बोझम बडीज' ही मालिका मिळाली. म्हणजे गाव कुठलंही असो, वायरी ओढणं चुकत नाही.

या चित्रपटाचं भारतीय रूप अतुल कुलकर्णींनी लिहिलं. व्हिएतनामच्या जागी कारगिल, चॉकलेटच्या डब्याच्या जागी पाणीपुरी. ही पटकथा त्यांनी झपाट्याने लिहिली, पण मूळ चित्रपटाचे हक्क मिळवून 'लाल सिंग चड्ढा' पडद्यावर यायला चौदा वर्षं गेली. ऑगस्ट २०२२ मध्ये आमिर खानचा हा चित्रपट आला आणि तिकीटबारीवर पडला.

चौदा वर्षं! आपला प्रोजेक्ट एक्स्टर्नलने रिजेक्ट केला तर आपण चार दिवस जेवत नाही. हा माणूस मात्र त्याच वर्षी 'अ थर्सडे'मध्ये पोलीस अधिकारी झाला, 'रुद्र' या वेब मालिकेत दिसला आणि 'सिटी ऑफ ड्रीम्स'चा अमेयराव पुढच्या वर्षीही चालू राहिला. अभिनयाशिवाय पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी भागात मुलांच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या 'क्वेस्ट' या संस्थेचं अध्यक्षपदही त्यांनी सांभाळलं.

मग आपण काय करायचं?

आमच्या मजल्यावरचा एक मित्र थर्ड इयरला आहे, उत्तम नट आहे आणि दोन विषय राहिले आहेत. मागच्या सेमिस्टरला तो रात्री दोन वाजता म्हणाला, "सोडतो रे. कुलकर्णींनी पण सोडलंच होतं की." मी त्याला इतकंच विचारलं की सोडल्यावर उद्या सकाळी सात वाजता तू काय करणार? तो बराच वेळ गप्प बसला. नंतर म्हणाला, "आवाजावर काम करावं लागेल." हे उत्तर मला आवडलं. सध्या तो पहाटे गच्चीवर ओरडत असतो, शेजारच्या खोल्या शिव्या देतात आणि राहिलेले विषयही तो काढतोय.

कारण सोडणं हाच एक मार्ग आहे असंही नाही. जब्बार पटेल आपल्याच सोलापुरात शिकले, डॉक्टर झाले, दौंडला दवाखाना चालवला आणि 'सामना', 'सिंहासन'ही दिले. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते, त्यांनी १९६९ मध्ये पूर्णवेळ रंगभूमी धरली तेव्हा वय चाळिशीच्या पुढे होतं. कुणी आधी सोडलं, कुणी उशिरा, कुणी सोडलंच नाही. तिघांत समान काय? तालीम कुणीच चुकवली नाही.

आणखी एक. सोडून पोचलेल्यांवर लेख लिहिले जातात, सोडून हरवलेल्यांवर कुणी लिहीत नाही. त्यामुळे नुसत्या 'सोडण्या'चं उदाहरण म्हणून कुणाचंही चरित्र वाचू नका. फी भरायला ज्यांच्या घरी जमिनीचा तुकडा गहाण पडला आहे, त्यांनी तर दोनदा विचार करा. पण मन खरोखर दुसरीकडे असेल तर तिथला सिलॅबस आजच उघडा. संध्याकाळची तालीम, सकाळचा रियाज, गावातली एखादी हौशी संस्था, यासाठी राजीनामा द्यावा लागत नाही. आणि एवढं करूनही मन तिकडेच ओढत राहिलं, तर आई-बाबांसमोर बसून सांगताना तुमच्याकडे स्वप्नाबरोबर केलेलं कामही दाखवायला असेल.

तेव्हा पुढच्या वेळी सबमिशनच्या रात्री "सोडून द्यावं आणि..." म्हणाल, तेव्हा त्या 'आणि'च्या पुढची दहा वर्षं एका कोऱ्या पानावर लिहून बघा. पान भरलं तर तुम्ही खरंच कुठेतरी निघाला आहात. नाहीच भरलं, तर जर्नल पूर्ण करा, उद्या सर्टिफाय करायची शेवटची तारीख आहे!