मारणारा हात आणि न शिवणारा हात

परवा वर्गात एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, डॉक्टरला मारले तर तीन वर्षांची शिक्षा. डॉक्टरावाचून माणूस मेला तर शिक्षा कुणाला?"

मी कळंबला महाविद्यालयात शिकवतो. आमच्या घरातला पदवी घेणारा मी पहिला. या प्रश्नाने मी अडखळलो, कारण मारणारा एक हात माझ्याच घरातला होता.

काही वर्षांपूर्वी वहिनी बाळंतपणासाठी सरकारी दवाखान्यात होती. रात्री रक्तस्राव सुरू झाला. डॉक्टर एकच, रक्त शिल्लक नाही. "पुण्याला न्या," असे सांगण्यात आले. पुणे येथून शंभराहून अधिक किलोमीटर. दादाने समोर जो दिसला त्याच्या थोबाडीत मारली. तो कंत्राटी सफाई कामगार होता, आपल्याच समाजातला. वहिनी वाचली. पण दादाने मारले त्या माणसाच्या हाती रक्त नव्हते, गाडी नव्हती. फक्त खराटा होता.

या हिंसेचे स्वरूप आपण समजून घेतले पाहिजे. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात मेंदूचा शल्यविशारद उपलब्ध नव्हता. तसे सांगणाऱ्या तरुण निवासी डॉक्टरला अपघातग्रस्ताच्या नातेवाइकांनी मारले. त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. अभाव निर्माण करणारा दूर असतो, अभावाची बातमी देणारा समोर असतो. राग समोरच्यावर कोसळतो.

अशा हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र. कायदा आवश्यकच आहे. पण तो हात उगारल्यानंतर जागा होतो. हात का उगारला जातो, याचे उत्तर त्यात मिळत नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के सरकारी खर्च आरोग्यावर करण्याचे ठरवले, मुदत २०२५ ची. ते उद्दिष्ट गाठले गेले नाही. त्याबद्दल कुणावर गुन्हा दाखल होत नाही.

दुसरे उदाहरण नांदेडचे. ऑक्टोबर २०२३ च्या प्रारंभी तेथील शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके. संताप रास्त होता. पण हिंगोलीचे तत्कालीन खासदार हेमंत पाटील यांनी तेथील प्रभारी अधिष्ठात्यांना संडास साफ करायला लावला. अधिष्ठाता आदिवासी. ॲट्रॉसिटी कायद्याखालीही गुन्हा नोंदवला गेला. जे काम पिढ्यान्‌पिढ्या एका जातीवर लादले, तेच दुसऱ्याला शिक्षा म्हणून का दिले जाते? ते काम हीन आणि ते करणारा माणूसही हीन, हे मनात ठाम बसलेले असते म्हणून.

रुग्णालयाच्या भिंतीआड जातही नांदते. मे २०१९ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयातील आदिवासी निवासी डॉक्टर पायल तडवी यांनी आत्महत्या केली. वरिष्ठ सहकारी डॉक्टरांवर जातीय छळाचा गुन्हा दाखल झाला. तिथे दगड नव्हता, लाठी नव्हती.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे १९२९ सालचे पत्र दिले आहे. त्याची बाळंतीण बायको आजारी पडली. डॉक्टर वस्तीत शिरायला तयार नव्हता. त्याने ताप मोजायची नळी एका मुसलमानाच्या हाती दिली, त्याने ती नवऱ्याला दिली, नवऱ्याने बायकोला. ती बाई मेली. डॉक्टरने कुणावरही हात उगारला नव्हता. त्याने फक्त हात लावला नव्हता. हीसुद्धा हिंसाच, आणि आपल्या समाजाने ती अधिक सोसली आहे.

म्हणून मारण्याचे समर्थन होते काय? मुळीच नाही. मार खाल्लेला डॉक्टर खेड्यातली नोकरी सोडतो. पैसेवाला खाजगी रुग्णालयात जातो. सरकारी दवाखाना बंद पडला तर आपल्या बाया बाळंतपणाला कुठे जाणार?

पुढच्या तासाला मी त्या विद्यार्थ्याला दादाची गोष्ट सांगितली. मग म्हणालो, दवाखान्यात मंजूर पदे किती, भरलेली किती, रक्त किती, हे माहितीच्या अधिकारात विचार. उत्तर घेऊन ग्रामसभेत उभा राहा. तो अर्ज लिहायला बसला. दादाने मात्र त्या कामगाराची अजून माफी मागितलेली नाही. आणि मीही त्याला तसे कधी सांगितले नाही. ते आता सांगणार आहे.