तीन वर्षं की दोन वर्षं अकरा महिने? कॅनडा पीआरसाठी नोकरीचा अनुभव मोजताना

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी या आठवड्याच्या एपिसोडची ही लिखित आवृत्ती. बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझे "म्हणजे", "बघा ना" थोडे कमी केलेत.

गेल्या महिनाभरात सगळ्यात जास्त मेसेज एकाच प्रश्नाचे आले. "दादा, एक्सप्रेस एंट्रीसाठी माझा अनुभव किती धरायचा?" प्रश्न साधा वाटतो. जॉइनिंगची तारीख घ्या, आजची तारीख घ्या, वजाबाकी करा. मीही असंच करायचो. बीटेक आहे, रोज कोड लिहितो, दोन तारखांची वजाबाकी मला जमणार नाही का? नाही जमली. आणि ती चूक माझ्या नाही, माझ्या रूममेटच्या अर्जात झाली. म्हणून आज सगळं नीट सांगतो.

आधीच सांगतो, मी इमिग्रेशन कन्सल्टंट नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. नियम बदलत राहतात. अर्ज भरताना आयआरसीसीची, म्हणजे कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याची वेबसाइट स्वतः वाचा.

८ डिसेंबर २०२३

वाकडचा आमचा फ्लॅट. रूममेट माझ्या खोलीचं दार वाजवत आला. फोन पुढे केला. आयटीए आलं होतं! आयटीए म्हणजे पीआरचा अर्ज करायचं आमंत्रण. त्या दिवशी स्टेम क्षेत्रातल्या लोकांसाठी ड्रॉ झाला होता, कटऑफ ४८१. त्याचा सीआरएस स्कोअर ४९६. वयाचे ११०, एमटेकचे १३५, इंग्रजीचे १३६, सख्खी बहीण कॅनडात पीआर असल्याचे १५, आणि उरलेले १०० दोन जोड्यांचे: शिक्षण अधिक भाषा ५०, अनुभव अधिक भाषा ५०.

यातले शेवटचे ५० नीट लक्षात ठेवा. सगळी गोष्ट तिथेच आहे.

आयटीए आल्यावर पूर्ण अर्ज भरायला ६० दिवस मिळतात. त्या रात्री आम्ही भुर्जी-पाव आणला आणि कागदांची यादी करायला बसलो. प्रोफाइल भरताना अनुभवाची एक्सेल शीट मीच बनवली होती. "तीन वर्षं पूर्ण झालीत रे, बिनधास्त टाक," असं त्याला मीच सांगितलं होतं.

अनुभव दोन ठिकाणी मोजला जातो

बऱ्याच जणांचा गोंधळ इथेच होतो. भारतात बसून अर्ज करणारे आपण साधारण फेडरल स्किल्ड वर्कर या प्रोग्रॅममध्ये येतो. तिथे अनुभवाचे दोन वेगळे हिशोब आहेत.

पहिला हिशोब पात्रतेचा. गेल्या १० वर्षांत, एकाच व्यवसायात, किमान एक वर्ष सलग, पगारी, कौशल्याचं काम हवं. सलग म्हणजे मध्ये खंड नको. त्यानंतर १०० पैकी ६७ गुण मिळवायचे असतात. त्यात अनुभवाचे गुण असे: १ वर्षाला ९, २ ते ३ वर्षांना ११, ४ ते ५ वर्षांना १३, ६ किंवा जास्त वर्षांना १५.

दुसरा हिशोब सीआरएसचा, म्हणजे ज्यावर रँक लागते तो स्कोअर. इथे भारतातल्या अनुभवाला एकट्याने एकही गुण नाही. तो भाषेबरोबर किंवा कॅनडातल्या अनुभवाबरोबर जोडी लावूनच गुण देतो. इंग्रजी सीएलबी ९ किंवा वर असेल, तर १ ते २ वर्षांच्या अनुभवाला २५ आणि ३ किंवा जास्त वर्षांना ५०. इंग्रजी सीएलबी ७ किंवा ८ असेल तर हेच आकडे १३ आणि २५.

आता गंमत बघा. तीन वर्षांनंतर ही जोडी वाढत नाही. सात वर्षं काम करा, तेवढेच ५०. पण दोन वर्षं अकरा महिने असतील तर थेट २५. इथे पूर्ण झालेली वर्षंच धरतात, "जवळपास तीन" असा प्रकार नाही.

वर्ष म्हणजे नक्की किती?

एक वर्ष म्हणजे १,५६० तास. आठवड्याला ३० तास, असे ५२ आठवडे. पार्ट-टाइम असेल तर आठवड्याला १५ तास, २४ महिने. दोन पार्ट-टाइम कामं मिळून आठवड्याचे ३० तास होत असतील तरी चालतं.

पण आठवड्याला ३० च्या वरचे तास धरत नाहीत. रिलीजच्या आधी ६० तास बसलात, विकेंडला डिप्लॉयमेंट केलं, तरी सहा महिन्यांचे सहाच महिने. म्हणजे ओव्हरटाइम करून वर्ष लवकर भरता येत नाही. आयटीवाल्यांनो, हे ऐकून त्रास होतो, मला माहितीये.

पगार मिळालेला हवा. बिनपगारी इंटर्नशिप, "सर्टिफिकेट देऊ" वाला कॉलेज प्रोजेक्ट, स्वयंसेवी काम, हे शून्य. शिकत असताना केलेलं काम मात्र या प्रोग्रॅममध्ये चालू शकतं, जर ते पगारी असेल आणि बाकीच्या अटी पुऱ्या होत असतील. फ्रीलान्सिंगही चालतं, पण त्याचा पुरावा वेगळा: उत्पन्नाची कागदपत्रं, आणि ज्यांच्यासाठी काम केलं त्यांची पेमेंटच्या तपशिलासह पत्रं. "मी हे हे केलं" असं स्वतःच लिहून दिलेलं प्रतिज्ञापत्र चालत नाही.

वर्षभरातली नेहमीची पगारी सुट्टी वजा करायची गरज नाही. दिवाळीला चार दिवस गावी गेलात म्हणून काही बिघडत नाही. दोन नोकऱ्यांमधली गॅप मात्र वजा. आणि नोटीस पिरियड बायआउट केला असेल तर शेवटचा कामाचा दिवस धरा, मूळ ९० दिवस कधी संपले असते ती तारीख नाही.

पदाच्या नावावर जाऊ नका

प्रत्येक नोकरीला एक एनओसी कोड लावावा लागतो. आपल्याकडे एनओसी म्हटलं की सोसायटीचं ना-हरकत पत्र आठवतं, त्याचा इथे संबंध नाही. ही कॅनडाची व्यवसायांची यादी आहे, पाच आकडी कोडची. त्यातल्या टीअर ०, १, २ आणि ३ मधलीच कामं इथे चालतात.

सॉफ्टवेअर इंजिनिअर आणि डिझायनर २१२३१, सॉफ्टवेअर डेव्हलपर आणि प्रोग्रॅमर २१२३२, वेब डेव्हलपर २१२३४, टेस्टिंग टेक्निशियन २२२२२. तुमच्या आयडी कार्डवर "सीनियर असोसिएट" लिहिलंय की "कन्सल्टंट", याने फरक पडत नाही. कोडखाली कामाचं जे वर्णन आहे, त्यातली बहुतेक कामं तुम्ही खरोखर करत होतात का, हे बघतात. दोन वर्षं टेस्टिंग आणि मग एक वर्ष डेव्हलपमेंट केलं असेल, तर दोन नोंदी करा, दोन कोड लावा. सगळं एका कोडखाली ढकलू नका.

मग चूक कुठे झाली?

रूममेटच्या तारखा अशा. पहिली नोकरी ५ ऑक्टोबर २०२० ते ३० जून २०२२, म्हणजे ६३४ दिवस. मग ४७ दिवसांची गॅप, ती मी बरोबर वजा केली होती. दुसरी नोकरी १७ ऑगस्ट २०२२ पासून, आयटीएच्या दिवसापर्यंत ४७९ दिवस. एकूण १,११३. तीन वर्षांचे १,०९५. म्हणजे १८ दिवस जास्तच! मी शीटमध्ये तो सेल हिरवा केला होता.

कागद गोळा करताना जुन्या सॅलरी स्लिप डाउनलोड केल्या. एप्रिल २०२१ ची स्लिप: एलओपी १९ दिवस. मे २०२१: एलओपी २६ दिवस.

तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बाबांच्या वेळचं आहे हे."

कोविडची दुसरी लाट. त्याचे वडील मिरजेत ॲडमिट होते. हा पुण्याहून बाइकवर गेला आणि ४५ दिवस तिथेच राहिला. सुट्ट्या संपल्या, पुढे बिनपगारी रजा. बाबा घरी आले, हा कामावर परत आला, आणि ती रजा दोघांच्याही डोक्यातून गेली. प्रोफाइलमध्ये नोकरी सुरू आणि बंद झाल्याच्या तारखा भरतो आपण, मधली बिनपगारी रजा सिस्टिमला कळत नाही.

१,११३ वजा ४५, म्हणजे १,०६८. तीन वर्षांना २७ दिवस कमी. ५० चे २५ झाले, ४९६ चे ४७१. कटऑफ ४८१.

मी लगेच म्हणालो, "अरे, ६० दिवस आहेत ना! ४ जानेवारीला तीन वर्षं पूर्ण होतात, त्यानंतर सबमिट कर." नियम वाचला तर तेही चालत नाही. ज्या गुणांवर आमंत्रण मिळालं, ते आमंत्रणाच्या दिवशीही हवेत आणि अर्ज पोचतो त्या दिवशीही.

आणि मग मी जे बोललो ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी म्हणालो, "लेटरवर रजेचा उल्लेख नाहीये. कोण बघणार?"

तो म्हणाला, "आणि बघितलं तर? पाच वर्षांचा बॅन लागला तर ताईला काय सांगू?"

बरोबर होतं त्याचं. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० खाली चुकीची माहिती देणं किंवा महत्त्वाची माहिती लपवणं म्हणजे मिसरिप्रेझेंटेशन, आणि त्याला पाच वर्षांची बंदी आहे. शिवाय प्रोफाइल भरताना आम्ही चुकलो होतो, लपवलं नव्हतं. माहीत झाल्यावर तेच सबमिट करणं हे लपवणंच झालं असतं.

त्याने आमंत्रण नाकारलं. हो, तसं करता येतं. डिक्लाइन केलं की, अजून पात्र असाल तर, प्रोफाइल परत पूलमध्ये जातं.

कागद: तारखा आणि पदनाम पुरत नाही

पूलमध्ये थांबलेल्या काळात आम्ही कागद नीट केले. आपल्याकडे कंपनी सोडताना जे रिलीव्हिंग लेटर मिळतं, त्यात फक्त तारखा आणि पदनाम असतं. आयआरसीसीला लागणाऱ्या पत्रात इतकं हवं:

– कंपनीचं लेटरहेड, पत्ता, फोन, ईमेल
– तुमचं नाव, सगळी पदं आणि त्यांच्या तारखा
– कामाचं स्वरूप आणि जबाबदाऱ्या
– आठवड्याचे तास
– वार्षिक पगार आणि इतर लाभ
– मॅनेजरचं किंवा एचआरचं नाव, पद आणि सही

त्याच्या पहिल्या कंपनीच्या एचआरने आधी "आमच्या पॉलिसीत जबाबदाऱ्या लिहून देणं बसत नाही" असं कळवलं. तीन ईमेल आणि जुन्या मॅनेजरच्या मध्यस्थीनंतर मिळालं. म्हणून राजीनामा देतानाच हे पत्र मागा, सहा वर्षांनी नाही. आणि जबाबदाऱ्या एनओसीच्या पानावरून जशाच्या तशा कॉपी करू नका. तुम्ही काय बनवलं, कशात बनवलं, ते तुमच्या शब्दांत लिहा.

जोडीला सॅलरी स्लिप, फॉर्म १६, बँक स्टेटमेंट आणि पीएफ पासबुक डाउनलोड करून ठेवा. कंपनीचा पोर्टल ॲक्सेस गेला की स्लिप मिळवताना नाकी नऊ येतात.

पुढे काय झालं?

नवीन शीटमध्ये ४५ दिवस वेगळ्या ओळीत लिहिले. पात्रतेचं सलग एक वर्षही तपासलं: २७ मे २०२१ ते ३० जून २०२२, खंड नाही. ४ जानेवारीला तीन वर्षं खरोखर पूर्ण झाली आणि स्कोअर परत ४९६ वर आला, या वेळी खरा. पुढचा स्टेम ड्रॉ व्हायला ११ एप्रिल २०२४ उजाडला. कटऑफ ४९१. पाच गुणांनी आत!

कटऑफ ४९७ लागला असता तर? तर अजून थांबावं लागलं असतं. ड्रॉ कधी, कोणत्या क्षेत्राचा, कटऑफ किती, हे आपल्या हातात नाही. आपल्या हातात फक्त आपले दिवस बरोबर मोजणं आहे.

तर आज एवढंच करा. एक शीट उघडा. प्रत्येक नोकरीची एक ओळ: पहिला दिवस, शेवटचा कामाचा दिवस, आठवड्याचे तास, कोड. शेजारी एक रकाना: बिनपगारी दिवस. तो रकाना आठवणीतून भरू नका, एकेक सॅलरी स्लिप उघडून भरा. मी तेवढंच केलं नव्हतं.

पुढच्या एपिसोडमध्ये पार्ट-टाइम आणि फ्रीलान्सवाल्यांचे प्रश्न घेतो. तुमचे प्रश्न व्हॉइस नोटने पाठवा, पण मित्रांनो, दोन मिनिटांच्या आत! भेटूच.