दुभाष्याच्या खुर्चीवरून

डॉ. कोटणीस सगळ्यांना ठाऊक असतात. सोलापूरचा हा डॉक्टर १९३८ साली चीनला गेला, १९४२ मध्ये तिथेच वारला, शांतारामांनी त्यांच्यावर सिनेमा काढला. वसंत परांजपे हे नाव मात्र घेतलं की मुलं एकमेकांकडे बघतात. १९४७ साली पेकिंगला चिनी शिकायला गेलेला हा मराठी माणूस पुढे परराष्ट्र खात्यात आला आणि नेहरू व चिनी नेत्यांच्या मधोमध दुभाष्या म्हणून बसला.

मी छत्रपती संभाजीनगरात आयुष्यभर इतिहास शिकवला. आता दर रविवारी समर्थनगरच्या घरी चार-पाच विद्यार्थी येतात. जेवणाच्या टेबलावर डावीकडे एखाद्या भारत-चीन भेटीची भारतीय नोंद, उजवीकडे त्याच भेटीच्या चिनी नोंदीचं भाषांतर. ओळीला ओळ लावायची. एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, तिथे तांबडी पेन्सिल.

पूर्वी हे शक्यच नव्हतं. चीनचं राजकारण कळायचं ते पक्षाच्या ठरावांतून, पुढाऱ्यांच्या भाषणांतून. २००४ मध्ये चीनच्या परराष्ट्र मंत्रालयाने आपलं दप्तर उघडलं, टप्प्याटप्प्याने १९६५ पर्यंतचे कागद बाहेर आले. २०१२-१३ नंतर बहुतेक पुन्हा कुलुपात गेले. तोवर अभ्यासकांनी जे उतरवून घेतलं, ते वाचलं. त्यातल्या कितीतरी नोंदी वॉशिंग्टनच्या विल्सन सेंटरने भाषांतरासह सर्वांसाठी खुल्या केल्या. दिल्लीत मुत्सद्दी पी. एन. हक्सर यांच्या कागदांत नेहरू आणि चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांच्या एप्रिल १९६० च्या चर्चा सापडल्या. एका राजधानीचं दप्तर मिटलं, तर दुसऱ्या राजधानीचं उघडायचं.

मराठी माणसाला ही रीत परकी वाटू नये. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तो पानिपतच्या काळातल्या अस्सल पत्रांचा, बखरीला त्या पत्रांसमोर उभं केलं. चीनच्या बाबतीत तेच काम आज चालू आहे, आणि ते आपल्या मुलांनी करावं असं मला मनापासून वाटतं.

गेल्या रविवारी आम्ही नकाशांवर अडलो. ऑक्टोबर १९५४ मध्ये नेहरूंनी पेकिंगमध्ये चौंना विचारलं, तुमच्या नकाशांत आमचा भाग तुमचा कसा? नेहरूंनी १४ डिसेंबर १९५८ च्या पत्रात स्वतःच नमूद केलंय की, नकाशे जुन्या राजवटीतले आहेत, दुरुस्त करायला सवड मिळालेली नाही, असं चौ म्हणाले होते. नेहरूंनी त्यातून धरलं की वाद उरलेला नाही. २३ जानेवारी १९५९ ला चौंचं उत्तर आलं: सीमा कधी रीतसर आखलेलीच नाही, पाहणी आणि सल्लामसलत झाल्याशिवाय नकाशे बदलणं योग्य नाही.

वैजापूरची एक मुलगी बराच वेळ दोन्ही पत्रं बघत होती. म्हणाली, “मॅडम, ताईला बघायला आले होते तेव्हा पाहुणे जाताना ‘कळवतो’ म्हणाले. आईने लगेच मांडववाल्याची चौकशी सुरू केली.”

मी तिला थांबवलं नाही. बाकीची मुलंही बोलू लागली: ‘सवड मिळाली नाही’ म्हणजे ‘दुरुस्त करू’ का? ते शब्द चिनीत काय होते? त्या वाक्याचा सूर कसा होता?

येत्या रविवारी नेहरू–चौ चर्चांतली २० एप्रिल १९६० ची नोंद घ्यायची आहे. त्या मुलीने मोबाईलवर चिनी शिकायला सुरुवात केली आहे. तांबड्या पेन्सिली दोन आणून ठेवल्यात.