दोन वर्षांचा थोरला

दुसऱ्या अपत्याची चाहूल लागली म्हणजे एकत्र कुटुंबांत प्रत्येकाच्या वांट्याला कांहीं ना कांहीं येतें. गर्भवतीच्या वांट्याला डोहाळे, ओटीभरण व चार मायेचे शब्द येतात; सासूबाई जुनीं मऊ लुगडीं काढून दुपट्यांचा हिशेब करूं लागतात; नवरा मनांतल्या मनांत खर्चाची जुळवाजुळव करतो; आणि माहेरीं बाळंतविड्याचीं बोलणीं सुरू होतात. परंतु या घटनेनें ज्या एका जिवाच्या आयुष्यांत सर्वांत मोठी उलथापालथ व्हावयाची असते, त्याच्या वांट्याला केवळ एक पदवी येते. कालपर्यंत जो सर्वांचा 'बाळ' होता, तो एका दिवसांत 'थोरला' ठरतो. त्याला अजून चार शब्द धड जोडतां येत नाहींत, आईच्या पदराचें टोंक मुठींत असल्यावांचून त्याला झोंप येत नाहीं. आणि तरीहि "आतां तूं मोठा झालास, आतां असा हट्ट करायचा नाहीं," हें वाक्य दिवसांतून दहा वेळां त्याच्या कानांवर आदळूं लागतें.

थोरलेपण जन्मक्रमानें मिळतें. तें पेलण्याचें बळ मात्र घरानें द्यावें लागतें. दुसरें मूल येण्यापूर्वींचे सात-आठ महिने हे त्याचसाठीं आहेत, आणि ते कसे खर्चीं घालावे याचा विचार आमच्या वाचकांनीं करावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे. हा प्रश्न केवळ हट्टाचा आणि रुसव्याचा नाहीं. तो प्रथम अन्नाचा आहे, नंतर मनाचा आहे.

आपल्या वैद्यकानें ही गोष्ट फार पूर्वीं ओळखली होती. माधवनिदानांतील बालरोगांच्या प्रकरणांत 'पारिगर्भिक' नांवाचा रोग सांगितला आहे. गर्भवती मातेचें दूध पिणाऱ्या मुलाला खोकला, अग्निमांद्य, वांति, सुस्ती व अरुचि जडते, तें कृश होतें आणि त्याचें पोट मात्र वाढतें, असें त्याचें वर्णन आहे. या रोगाचें दुसरें नांव 'परिभव' असें दिलें आहे. परिभव म्हणजे पराभव, अवहेलना! एका तान्ह्या मुलाच्या दुखण्याला हा शब्द योजणाऱ्या वैद्यांची दृष्टि किती सूक्ष्म असली पाहिजे, याचें आम्हांस नेहमीं नवल वाटतें.

आतां याच्याच शेजारीं आफ्रिकेंतील एक हकीकत ठेवून पाहा. जमैकांत जन्मलेल्या डॉ. सिसिली विल्यम्स या तेव्हांच्या गोल्ड कोस्ट वसाहतींत, म्हणजे आजच्या घाना देशांत, मुलांवर उपचार करीत असत. एक ते चार वर्षांच्या मुलांत अंगावर सूज येणें, केंसांचा व कातडीचा रंग पालटणें, मूल किरकिरें होऊन खंगत जाणें, अशा एका दुखण्याचें वर्णन त्यांनीं १९३३ सालीं प्रसिद्ध केलें. आणि १९३५ सालीं त्याला तेथील गा भाषेंतलेंच नांव दिलें, 'क्वाशिऑर्कर'. पाठचें भावंड आल्यामुळें जागेवरून दूर सारल्या गेलेल्या मुलाचा रोग, असा त्या शब्दाचा भाव त्यांनीं सांगितला. हे दोन्ही रोग तंतोतंत एकच आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु एकमेकांस कधींहि न भेटलेल्या दोन समाजांनीं थोरल्याच्या दुखण्याला धाकट्याच्या आगमनावरून नांव द्यावें, यांत मानवजातीचा केवढा अनुभव सांठलेला आहे!

या अनुभवाचा अर्थ मात्र आज आपणांस नव्या ज्ञानाच्या उजेडांत लावला पाहिजे. गर्भवतीचें दूध विषारी होतें, सबब दिवस राहिल्याचें कळतांच मुलाला तोडावें, अशी समजूत पुष्कळ घरांतून अजून आहे. ती बरोबर नाहीं. प्रकृति निकोप असेल व गर्भारपण सुरळीत चाललें असेल, तर अंगावर पाजण्यानें पोटांतील गर्भाला किंवा पिणाऱ्या मुलाला अपाय होत नाहीं, असें आजचे डॉक्टर सांगतात. पूर्वीं अकालीं प्रसूति झाली असेल, रक्तस्राव होत असेल किंवा जुळें असेल, तर मात्र त्यांचा सल्ला आधीं घ्यावा. गर्भारपणाच्या मध्यास दूध आपोआप कमी होतें, त्याची चवहि बदलते, आणि कित्येक मुलें आपण होऊनच तें सोडतात. खरा धोका दुधांत नसून दूध सुटल्यावर त्याच्या जागीं काय येतें यांत आहे. दूध सुटलें, आणि त्याच्या बदलीं भाताची पेज व साखरेच्या पाण्यांत बुडविलेलीं बिस्किटें आलीं, तर मुलाचें पोट भरतें पण अंग भरत नाहीं. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसांतून तीन-चार वेळां जेवण व मध्यें एक-दोन वेळां खाऊ लागतो, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. मऊ वरणभात व तूप, मुगाची खिचडी, नाचणीचें सत्त्व, दहीं, दाण्याचें वा तिळाचें बारीक कूट, शिजवून मऊ केलेली भाजी, यांत आपल्या स्वयंपाकघराला अशक्य असें कांहीं नाहीं. फक्त त्या वाटीपाशीं बसून घांस भरविणारें माणूस पाहिजे, आणि मळमळीनें बेजार झालेल्या आईच्यानें तें नेहमीं होत नाहीं. ही वाटी आजीनें, काकूनें किंवा बापानें आपली म्हणून उचलली पाहिजे.

दोन मुलांत अंतर किती असावें, हा प्रश्न वस्तुतः याच्याहि आधींचा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र उघडलें आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविलें. त्या काळीं आपल्या सुशिक्षित घरांनींहि त्यांची कुचेष्टा केली. २००५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें बोलाविलेल्या तज्ज्ञांनीं असें मत दिलें कीं, एका मुलाच्या जन्मानंतर पुढचा गर्भ राहण्यापूर्वीं निदान २४ महिने जावे. म्हणजे दोन जन्मांत सुमारें ३३ महिन्यांचें अंतर पडावें. ज्यांच्या घरीं हें अंतर आधींच कमी पडलें आहे, त्यांनीं खंत करीत बसण्याचें कारण नाहीं. त्यांनीं आई व थोरलें मूल या दोघांच्याहि जेवणाकडे दुप्पट लक्ष द्यावें, इतकेंच.

आईच्या प्रकृतीविषयीं दोन गोष्टी सांगणें अवश्य आहे. २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत आपल्या देशांतील ५२ टक्क्यांहून अधिक गर्भवती स्त्रियांना पंडुरोग असल्याचें आढळलें. म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या जातात, व त्या नियमानें घ्याव्याच. परंतु त्या रंगीत गोळ्या रांगत्या-चालत्या मुलाला गोड खाऊसारख्या दिसतात, आणि एका वेळीं अनेक गोळ्या पोटांत गेल्यास लहान मुलाच्या जिवावर बेतूं शकतें. त्या उशाशीं किंवा फडताळाच्या खालच्या फळीवर न ठेवतां कुलपांत ठेवाव्या. दुसरी गोष्ट, कडेवर घेण्याची. प्रकृति ठीक असतां मुलाला उचलण्यास सहसा हरकत नसते. पण कंबरेंत वांकून हिसक्यानें उचलूं नये. आईनें खालीं किंवा बाजेवर बसावें आणि मुलानें चढून मांडीवर यावें. आईच्या मांडीची वाट बंद झाली नाहीं, फक्त ती वाट आतां त्याला स्वतः चढावयाची आहे, एवढा फरक मुलाला सहज समजतो.

याहून नाजूक भाग मनाचा. मारिया माँटेसोरी १९३९ सालीं भारतांत आल्या. त्याच्याहि आधींपासून ताराबाई मोडकांनीं बालशिक्षणाचें काम आपल्याकडे रुजविण्यास आरंभ केला होता. लहान मुलाला सुव्यवस्थेची ओढ असते, नेहमींची वस्तु नेहमींच्या जागीं व नेहमींची गोष्ट नेहमींच्या वेळीं झाली म्हणजे त्याला धीर वाटतो, हें माँटेसोरीबाईंचें निरीक्षण येथें फार उपयोगाचें आहे. पुष्कळ घरांतून काय होतें? बाळंतपण महिन्यावर आलें म्हणजे एकदम थोरल्याचें दूध तोडतात, त्याचा बिछाना आजीच्या खोलींत हलवितात, त्याचा पाळणा रंगवावयास काढतात, आणि त्याला शिशुवर्गांत नेऊन बसवितात. मुलाच्या जगाचे चारहि खांब एकाच आठवड्यांत हलले! हे फेरफार करावयाचेच असतील तर ते चार महिने आधीं, एकामागून एक करावे. नाहीं तर बाळ तीन-चार महिन्यांचें होईपर्यंत थांबावें. आजीजवळ झोंपण्याची सवय आधींच लागली, तर मुलाला ती आजीची भेट वाटते. बाळ आल्या रात्रीं लागली, तर तीच हद्दपारी वाटते.

बाळाविषयीं थोरल्याशीं बोलावें कसें, यासंबंधीं एक चांगला अभ्यास झालेला आहे. ज्यूडी डन व कॅरोल केंड्रिक या दोन संशोधिकांनीं इंग्लंडांतील केंब्रिज येथें ४० कुटुंबें दुसऱ्या बाळंतपणाच्या आधींपासून पाहिलीं, आणि आपले निष्कर्ष १९८२ सालीं ग्रंथरूपानें मांडले. त्यांना असें दिसलें कीं, ज्या आया थोरल्याशीं तान्ह्याबद्दल एखाद्या माणसाबद्दल बोलावें तसें बोलत, 'त्याला भूक लागली असेल का?', 'तें कां रडत असेल?' असें त्याला विचारीत, त्यांचीं मुलें पुढें एकमेकांशीं अधिक मैत्रीनें वागलीं. यांत खर्च कांहीं नाहीं आणि वेळहि फारसा नाहीं. "हात लावूं नकोस" या आज्ञेच्या जागीं "बघ, तुझा आवाज ऐकून तें थांबलें" हें वाक्य ठेवावयाचें, एवढेंच काम.

याच्या अगदीं उलट असें एक बोलणें आपल्या घरांतून थट्टा म्हणून चालतें. "आतां तुला कोण विचारतो?", "बाळ आलें कीं तुला बोहारणीला देऊन टाकूं." बोलणारा हंसतो, ऐकणारेहि हंसतात, ज्याच्याविषयीं बोललें जातें तो मात्र हंसत नाहीं. दोन वर्षांच्या मुलाला थट्टा व सत्य यांतील भेद कळत नाहीं. तसाच दुसरा प्रकार, "आईच्या पोटांत काय आहे, भाऊ कीं बहीण?" असें लहानग्याला विचारून त्याच्या उत्तरास शकून मानण्याचा. पहिली मुलगी असेल तर हा खेळ निर्दय होतो. तिनें 'भाऊ' म्हटलें तर तिला जवळ घ्यावयाचें, 'बहीण' म्हटलें तर तोंडें उतरावयाचीं. आणि पुढें मुलगा झालाच तर 'पाठीवर भाऊ घेऊन आली' म्हणून तिला भाग्याची ठरवावयाचें! म्हणजे तिची किंमत तिच्या पाठीवरून, तिच्या स्वतःवरून नव्हे. गर्भलिंगनिदानास १९९४ च्या कायद्यानें बंदी झाली. पण हें घरगुती निदान कोणत्याहि कायद्यानें बंद होणारें नाहीं. तें घरांतील वडील माणसांनींच बंद केलें पाहिजे.

प्रत्यक्ष बाळंतपणाचे दिवस आले म्हणजे थोरल्यानें कोठें असावें? पूर्वीं सोयराच्या दहा दिवसांत बाळंतिणीला शिवावयाचें नाहीं म्हणून पुष्कळ घरांतून थोरलें मूल उंबऱ्याबाहेर उभें राही, आणि ओव्या-शेपांच्या धुरांतून आईकडे पाहत राही. आतां रुग्णालयाचा दरवाजा त्या उंबऱ्याच्या जागीं आला आहे. आई कोठें जाणार, रात्रीं जवळ कोण झोंपणार, आणि ती परत येणार, हें मुलाला त्याच्या भाषेंत आधीं सांगावें. त्याला झोंपवून चोरून जाऊं नये. तें प्रथम भेटावयास येईल तेव्हां तान्हें पाळण्यांत किंवा दुसऱ्याच्या हातीं असावें व आईचे हात मोकळे असावे. बारशाच्या दिवशीं आत्यानें नांव कानांत सांगितल्यावर तें सर्वांस मोठ्यानें सांगण्याचा मान थोरल्याला दिला, तर शास्त्राला कांहीं बाध येत नाहीं.

कांहीं सावधगिरी मात्र सोडूं नये. तान्ह्याला थोरल्याच्या स्वाधीन करून क्षणभरहि उठूं नये, व त्या दोघांस लगत झोंपवूं नये. डांग्या खोकल्यावरील लशीचा पहिला डोस बाळाला सहा आठवड्यांनीं मिळतो. तोंपर्यंत तें उघडेंच असतें. म्हणून थोरल्याच्या लशी, विशेषतः १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यानचा डोस, आधींच पुऱ्या कराव्या.

पुढचे कांहीं आठवडे थोरलें मूल मागें जाईल. पुन्हां अंथरूण ओलें करील, बोबडें बोलेल, अंगावर पिण्याचा हट्ट धरील. हें मागें जाणें म्हणजे बिघडणें नव्हे. आपली जुनी जागा अजून शाबूत आहे कीं नाहीं, हें तें चांचपून पाहत असतें. त्याला लाजवूं नये. रोज अर्धा तास आईनें फक्त त्याचें असावें, आणि त्या वेळीं तान्हें दुसऱ्या कोणीं सांभाळावें. येथेंच एकत्र कुटुंबाची कसोटी आहे. २०१७ च्या दुरुस्तीनें नोकरी करणाऱ्या स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांपर्यंत २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली; पण केंद्र सरकारच्या नोकरींतील बापाला ती १५ दिवसांचीच आहे, आणि खाजगी नोकरींतील बापाला कायद्यानें तेवढीहि नाहीं. उरलेले दिवस घरानेंच भरून काढावयाचे असतात. बाळंतिणीच्या खोलींत चार बायका आणि थोरल्यापाशीं कोणी नाहीं, असें ज्या घरीं असेल, तेथें माणसें पुष्कळ असूनहि मनुष्यबळ नाहीं असेंच म्हणावें लागेल.

हातचें सोडून पळत्याच्या पाठीं लागूं नये, असें आपण मुलांना शिकवितों. मांडीवरचें सोडून पोटांतल्याच्या कौतुकांत बुडूं नये, हें वडिलांनीं स्वतः शिकण्यासारखें आहे. आज ज्याला आपण घाईनें थोरला म्हणतों, त्याला आणखी थोडे दिवस धाकटा राहूं दिलें, तर तो पुढें आपल्या पायांनींच थोरला होईल. आणि त्याच्या पाठीवर आलेल्या भावंडाला आयुष्यभर पुरेल असा आधार त्याच घरांत तयार होईल.