भिऱ्याचा पारा, पेणची खांड

28 मार्च 2017 रोजी भिऱ्यात 46.5 अंश सेल्सिअसची नोंद झाली आणि रोहा-कोलाडच्या पुढचे, सह्याद्रीच्या पायथ्याचे हे गाव एका दिवसात देशभर गाजले. तोवर त्याची ओळख टाटांच्या वीजकेंद्रापुरती. मार्चमध्येच विदर्भाला मागे टाकणारा हा कोकणातला पारा खरा की खोटा, अशी शंका हवामानतज्ज्ञांनाही आली. उपकरण नीट आहे का, ते बसवले कुठे आहे, हे तपासण्याची भाषा झाली.

तापमानवाढ न मानणारे नेमका हाच मुद्दा पुढे करतात. एक तापमापक चुकतो, तर हजारो का चुकणार नाहीत? प्रश्न रास्त आहे. तो बर्कलेचे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड म्युलर यांनाही पडला होता. 2010 मध्ये त्यांनी जगभरच्या नोंदी नव्याने तपासायला घेतल्या. शहरांच्या उष्णतेने आकडे फुगलेत का, सदोष केंद्रांनी घोळ घातलाय का, हे सगळे पाहिले. पैसे देणाऱ्यांत तेलउद्योगातल्या कोख घराण्याचे एक प्रतिष्ठानही होते. निष्कर्ष निघाला तो असा: अडीचशे वर्षांत जमिनीवरचे सरासरी तापमान सुमारे दीड अंशाने वाढले. 2012 मध्ये म्युलर यांनी आपले मत बदलल्याचे जाहीरपणे लिहिले. भिऱ्याचा आकडा खोडून काढला तरी या हिशेबाला धक्का लागत नाही.

बरे, पारा चढला. पण चढवला कोणी? सूर्याने चढवला असता तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात जमिनीलगतची हवा तापते आहे आणि वरचे स्थितांबर गार होते आहे. कार्बन डायऑक्साइड वाढला की असेच घडते. हा वायू औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत सुमारे 280 भाग होता, आज तो 420 च्या पुढे गेला आहे. तो आला कुठून, याचा माग कार्बनच्या अणूंतच सापडतो. वनस्पती जड कार्बन-13 पेक्षा हलका कार्बन-12 जास्त घेतात. त्यामुळे प्राचीन जीवांपासून बनलेल्या कोळशात आणि तेलात कार्बन-13 कमी असतो आणि हवेतलेही त्याचे प्रमाण घटते आहे. ज्वालामुखींच्या वायूने हा असा बदल झाला नसता. शिवाय माणूस वर्षाकाठी जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्याच्या एक टक्काही ज्वालामुखी सोडत नाहीत.

पेणच्या खारेपाटात मात्र माझी शंका उलट्या बाजूने जाते. उधाणाच्या भरतीत बाहेरकाठ्याला, म्हणजे खाडीकडच्या बंदिस्तीला, खांड (भगदाड) गेली, खारे पाणी भातशेतीत शिरले, की ‘ग्लोबल वॉर्मिंग’ म्हणून हात झटकणे फार सोपे असते. मुंबईच्या भरतीमापकावर 1878 पासूनच्या नोंदी आहेत. विसाव्या शतकात तिथे समुद्र वर्षाला सरासरी एक मिलिमीटरहूनही कमी चढला. तेवढ्याने बंदिस्ती फुटत नाही. ती फुटते ती खेकड्यांच्या बिळांनी, रखडलेल्या दुरुस्तीने, पाण्याचा निचरा करणाऱ्या नादुरुस्त उघाडीने.

पण 1993 पासून उपग्रह मोजू लागले, तेव्हापासून जगातल्या समुद्राची सरासरी वाढ वर्षाला तीन मिलिमीटरच्या वर आहे. धरमतर खाडीच्या काठी आज बांधलेली बंदिस्ती पन्नास वर्षे टिकवायची, तर याच वेगाने पंधरा-वीस सेंटीमीटर पाणी जास्त धरावे लागेल. वेग वाढतोच आहे, म्हणून प्रत्यक्षात त्याहूनही थोडे अधिक. खेकड्यांची बिळे बुजवल्यावरही एवढी उंची नव्या अंदाजपत्रकात घालावीच लागते.