साथीच्या दिवसांतील कोकणकिनारा

आम्हां ग्वाल्हेरकरांना समुद्र ठाऊक असतो तो बहुधा ऐकूनच. किल्ल्याच्या तटावरून दृष्टी टाकावी तर लष्कर, मुरार आणि त्यापलीकडच्या रुक्ष टेकड्या दिसतात. लाटा पाहावयाच्या म्हणजे पुरते एक दिवसरात्र गाडीत काढावे लागते. तथापि येथील कित्येक मराठी घराण्यांची मुळे कोकणात आहेत, कोणाचे कुलदैवत तिकडे तर कोणाचे आजोळ. दिल्लीच्या निजामुद्दीनहून सुटणारी मंगला एक्सप्रेस आपल्या स्थानकावर थांबते, पनवेलवरून कोकण रेल्वेच्या मार्गास लागते आणि पुढे केरळास जाते. त्या गाडीने आमचेही अधूनमधून जाणे होते. मालवण तालुक्यात समुद्रकाठी आमच्या एका आप्तांचे घर आहे. मागे माड, पुढे वाळू. घरच्या दोन खोल्या त्यांनी ‘निवास व न्याहारी’ योजनेखाली प्रवाशांसाठी ठेवलेल्या आहेत. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत त्या किनाऱ्यावर काय घडले ते प्रथम दूरध्वनीवरून ऐकले आणि पुढे प्रत्यक्ष जाऊन विचारले. त्यावरून हा लेख सिद्ध झाला आहे.

प्रथम त्या भूभागाची ओळख करून दिली पाहिजे. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झाला आणि १९९७ साली तो पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. शिवाजीमहाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर ज्याचे बांधकाम आरंभिले तो सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्लीची वाळू, देवबागजवळचा कर्ली नदीचा संगम, ही तेथील आकर्षणे. दिवाळीपासून मे अखेरपर्यंत प्रवाशांची वर्दळ असते. त्यातही एप्रिल-मे म्हणजे सुगीच. कारण त्याच महिन्यांत शाळांना सुटी असते आणि त्याच महिन्यांत हापूस उतरतो. पावसाळ्यात समुद्र खवळला की किल्ल्याकडील होड्या बंद, मासेमारी बंद, खोल्या रिकाम्या. तेव्हा चार महिन्यांच्या पोटाची तरतूद उन्हाळ्यातच करून ठेवावी लागते.

या जिल्ह्याची दुसरी मिळकत म्हणजे मुंबईहून येणारी मनिऑर्डर. हल्ली ती बँकेतून येते, इतकाच फरक. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या सुमारे साडेआठ लाख होती आणि दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया होत्या; शेजारच्या रत्नागिरीत तर १,१२२. पुरुष कोठे गेले हे तेथे कोणास विचारावे लागत नाही. ते मुंबईस चाकरीला. त्यांना गावात ‘चाकरमानी’ म्हणतात, आणि शिमग्याला व गणपतीला ते घरी येतात. गावात मागे राहतात ते वृद्ध आईबाप, सुना आणि मुले. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढील सर्व प्रकरण तिच्याभोवती फिरते.

आता रोगाविषयी थोडेसे. कोरोना विषाणू हा डोळ्यांना दिसणे तर दूरच, शाळेतील साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही. दहा हजार विषाणू एका रांगेत मांडले तर त्यांची लांबी जेमतेम एक मिलिमीटर भरेल. त्याच्या अंगावर काट्यांसारखी प्रथिने असतात व त्यांमुळे तो मुकुटासारखा भासतो. लॅटिन भाषेत मुकुटास ‘कोरोना’ म्हणतात. त्याचे बाह्य कवच मेदाचे असते, आणि साबण मेदाला फोडतो, म्हणून एरवीचा साधा साबण त्या दिवसांत औषधाइतका मोलाचा ठरला. रोग्याच्या खोकण्या-बोलण्यातून तुषार उडतात. त्यांतील जड थेंब हातदोन हातांवर खाली पडतात. अतिसूक्ष्म कण मात्र बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. रोगाची लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा पाच-सहा दिवस जातात, क्वचित चौदा. सर्वांत वाईट गोष्ट ही की, लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच मनुष्य इतरांना रोग देऊ शकतो. धडधाकट दिसणारा पाहुणाच रोग घेऊन येण्याचा संभव असेल, तर ज्या गावाचे पोट पाहुण्यांवर चालते त्याने काय करावे?

भारतातील पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० रोजी केरळात आढळला. १७ फेब्रुवारीस मसुऱ्याजवळ आंगणेवाडीच्या भराडी देवीची यात्रा नेहमीप्रमाणे भरली. लाखो लोक आले, कोणाच्या मनात शंकाही नव्हती. ९ मार्चला पुण्यात महाराष्ट्रातील पहिले रुग्ण सापडले आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या वाळूवर ओढल्या गेल्या. आमच्या आप्तांकडे एप्रिल-मे महिन्यांसाठी खोल्या आधीच ठरल्या होत्या. इसाऱ्याचे पैसे परत करावे लागले आणि घरातील जुने डबे उघडावे लागले, असे त्यांनी हसत सांगितले. हापूस झाडावर पिकत होता, परंतु वाशीच्या बाजाराची वाट अडलेली. तेव्हा अनेक बागायतदारांनी दलालांची वाट न पाहता पेट्या थेट मुंबई-पुण्याच्या गृहसंकुलांच्या दाराशी पोहोचविल्या. ही नवी वाट काहींनी पुढेही सोडलेली नाही. संकटातून निघालेली एवढी एक गोष्ट आम्हांस खरोखर लाभाची वाटते.

मासेमारीची अडचण निराळी. ‘रापण’ म्हणून किनाऱ्यावरून ओढावयाचे मोठे जाळे असते. ते ओढण्यास चाळीस-पन्नास माणसे खांद्यास खांदा लावून उभी राहावी लागतात. तेथे एकमेकांपासून दोन हात दूर कसे राहावे? मोकळ्या वाऱ्यात, समुद्राच्या काठी, रोगाचा प्रसार बंद खोलीपेक्षा पुष्कळच कमी होतो हे आज आपणांस माहीत आहे. त्या वेळी ते कोणी खात्रीने सांगू शकत नव्हते. लोक नोटा धुऊन वाळत घालीत, भाजी साबणाच्या पाण्यात बुडवीत. पुढे असे दिसून आले की वस्तूंना हात लागून होणारा प्रसार फारच थोडा, आणि खरा धोका होता तो दारे-खिडक्या लावलेल्या मोटारीत, खानावळीत व माजघरात. वाळूवर फिरणाऱ्यास हटकले जाई आणि माजघरात दहा माणसे एकत्र जेवत, ही विसंगती आता नजरेस येते. परंतु अज्ञानाच्या काळातील चुकांबद्दल आज आपण फार शहाणपणा मिरवू नये.

मे महिन्यात चाकरमान्यांना गावी जाण्याची परवानगी मिळू लागली आणि खरी परीक्षा सुरू झाली. मुंबईत साथ ऐन भरात होती; चाळीतील एका खोलीत सात-आठ माणसे, काम बंद, भाडे मात्र चालू. गाव हाच आधार. इकडे गावात मोठे रुग्णालय नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र काही कोसांवर, जिल्हा रुग्णालय ओरोसला. आरंभी तपासणीचे नमुनेही जिल्ह्याबाहेर पाठवावे लागत व उत्तराची वाट पाहावी लागे. गंभीर रोगी नेहमी ज्या गोव्याच्या बांबोळी रुग्णालयात नेत, तेथे जाण्यासाठी राज्याची सीमा ओलांडावी लागे आणि सीमेवर पहारे बसले होते. तेव्हा घरोघरच्या वृद्धांसाठी गाव धास्तावले. काही गावांनी वेशीवर बांबू आडवे घातले. अमुक तारखेनंतर कोणी येऊ नये असे ठराव झाले. ज्याने पैसे पाठवून घराची कौले घातली त्यालाच घराबाहेर उभे राहण्यास सांगण्याचा प्रसंग! मुंबईकर म्हणत, आम्ही परके झालो काय? गावकरी म्हणत, म्हातारी आई कोणाची, तुमचीच ना? दोघांचेही खरे होते.

मार्ग निघाला तो विलगीकरणाचा. ग्रामपंचायतीने शाळेच्या खोल्या उघडल्या. बाके रचून ठेवली आणि सतरंज्या घातल्या. कित्येकांची सोय ‘मांगरा’त झाली. मांगर म्हणजे शेतात किंवा बागेत बांधलेली कौलारू खोपी. तेथे औजारे, गवत, नारळ ठेवतात. आमच्या आप्तांचे कनिष्ठ बंधू मुलांबाळांसह चौदा दिवस अशाच मांगरात राहिले. वहिनी सकाळ-संध्याकाळ पेज, भाजी आणि आमसुलाचे सार गडग्यावर ठेवून मागे सरत. मग बंधू येऊन भांडे उचलीत. आईने रोज दुपारी गडग्याच्या अलीकडे बसून नातवंडांना गजाली सांगितल्या. मुलांना ते दिवस सहलीसारखे वाटले. त्यांच्या वडिलांना एकदाही शांत झोप लागली नाही.

गाव सोडून रानात राहणे मालवण तालुक्यास अगदीच नवे नव्हे. आचरे, चिंदर, वायंगणी या गावांत ‘गावपळण’ नावाची जुनी प्रथा आहे. काही वर्षांच्या अंतराने देवाचा कौल घेऊन सारा गाव गुराढोरांसह शिवेबाहेर जातो, झोपड्या बांधून तीन दिवस-रात्री तेथे काढतो आणि मगच परततो. तिच्या मुळाशी जुन्या काळातील रोगराईचा अनुभव असावा, असा तर्क काही जण करतात. पुरावा नाही, पण तर्क मनोरंजक आहे.

‘क्वारंटाईन’ हा शब्दही मूळचा समुद्रकिनाऱ्याचाच आहे. चौदाव्या शतकात प्लेगच्या भीतीने एड्रियाटिक समुद्रावरील रागुसा बंदराने, म्हणजे आजच्या दुब्रोवनिकने, १३७७ साली परक्या गलबतांस तीस दिवस बाहेर थोपविले. पुढे व्हेनिसकडे ती मुदत चाळीस दिवसांची झाली. त्यांच्या भाषेत चाळीसला ‘क्वारान्ता’ म्हणतात. आपल्याकडे १८९६ साली मुंबईस प्लेग झाला तेव्हाही शहर सोडून माणसांचे लोंढे गावोगाव गेले. त्या साथीत १८९७ साली जो साथरोग कायदा झाला, तोच मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने पुन्हा अमलात आणला!

त्यातच ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, दिवेआगर, आणि रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड, दापोली या भागांतील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. एकमेकांपासून दूर राहा असे सांगणाऱ्या अधिकाऱ्यांनाच लोकांना निवाऱ्याच्या एका छपराखाली आणावे लागले. पोफळ लावल्यावर फळ धरण्यास काही वर्षे जातात. तेव्हा तेथील कुटुंबांचे नुकसान त्या एका वर्षापुरते नव्हते.

गणेशचतुर्थी २२ ऑगस्टला होती. कोकणात गणपतीला घरी न जाणे म्हणजे काय, हे येथील मराठी कुटुंबांस सांगावयास नको. शासनाने चौदा दिवसांची अट दहावर आणली. म्हणजे चतुर्थीच्या दिवशी मोकळे व्हावयाचे तर १२ ऑगस्टपर्यंत गाव गाठणे आवश्यक झाले. एस. टी. च्या गाड्या सोडण्यात आल्या. त्यानंतर येणाऱ्यांस तपासणीची अट होती. घरगुती मूर्ती दोन फुटांची आणि सार्वजनिक चार फुटांची, अशी मर्यादा पडली. वाडीतील घराघरांतून फिरणारी भजने त्या वर्षी थबकली. आमच्या आप्तांकडे आरतीला घरचीच सहा माणसे होती, आणि गाऱ्हाणे घालताना वडीलधाऱ्यांचा कंठ दाटून आला, असे वहिनींनी सांगितले.

पुढचे वर्ष अधिक कठीण गेले. दिवाळीनंतर प्रवासी परतले होते, होड्यांना नवा रंग लागला होता. मार्च २०२१ मध्ये आंगणेवाडीची यात्रा आंगणे कुटुंबीयांपुरतीच झाली. एप्रिलमध्ये दुसरी लाट आली व निर्बंध पुन्हा लागले. सलग दुसरी सुगी गेली. पहिल्या लाटेत बरेचसे वाचलेले गाव या वेळी वाचले नाही; कारण विषाणूचे ‘डेल्टा’ हे रूप अधिक वेगाने पसरणारे होते. १६ मे रोजी ‘तौक्ते’ वादळ किनाऱ्याला घासून गेले आणि मालवण-देवगडकडे वीज गेली, छपरे उडाली. २२ जुलैला वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडाले. त्या काळी मुलांच्या शाळा दूरध्वनीच्या पडद्यावर भरत. आणि त्याची लहर पकडण्यासाठी कित्येक मुले छत्री घेऊन डोंगरावर जाऊन बसत. आपल्या शाळेतील ज्यांनी त्या दिवसांत तास चुकविण्यास ‘लहर नाही’ हे कारण पुढे केले असेल, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

१६ जानेवारी २०२१ रोजी देशात लसीकरण सुरू झाले होते. प्रथम आरोग्य कर्मचारी, मार्चपासून साठ वर्षांवरील लोक, मे महिन्यापासून अठरा वर्षांवरील सर्व. लस म्हणजे शत्रूच्या चेहऱ्याची शरीरास आगाऊ करून दिलेली ओळख. तिने लागण सर्वस्वी टळत नाही, परंतु रोग जिवावर बेतण्याचा संभव फार कमी होतो. वाडीवाडीतील आशा सेविकांनी दारोदार जाऊन वृद्धांना केंद्रावर आणले. आमच्या मते या साऱ्या कथेत त्यांच्याइतके श्रेय दुसऱ्या कोणास नाही.

२०२२ च्या गुढीपाडव्यास महाराष्ट्रातील निर्बंध उठले आणि ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे घोषित केले. विषाणू मात्र गेलेला नाही; त्याच्यासह राहण्याची सवय आपणांस झाली आहे, इतकेच.

त्यानंतर आम्ही मालवणास गेलो तेव्हा दोन्ही खोल्या भरलेल्या होत्या, म्हणून आमची सोय मांगरात करण्यात आली. खिडकी पूर्वी एकच होती. समोरासमोर वारा यावा म्हणून बंधूंनी त्या चौदा दिवसांत दुसरी पाडून घेतली होती. रात्री तिच्यातून समुद्राचा आवाज येत होता. वहिनींनी सकाळी पेज आणली ती सवयीने गडग्यावर ठेवली, आणि मग आपल्याच हाताकडे पाहून हसत ती उचलून आत घेऊन आल्या.